दाभोळच्या खाडीवरून

धोपाव्याच्या धक्क्यावरून फेरी-बोट सुटली कीं वाशिष्ठीचें विस्तीर्ण मुख डोळ्यांत मावत नाहीं. समोर दाभोळचीं कौलारू घरें, माडांची रांग आणि तिच्यांतून डोकावणारा शाही मशिदीचा घुमट. पश्चिमेस, जेथें खाडी समुद्राला मिळते तेथें, अंजनवेलच्या टेकाडावर गोपाळगडाचा तट. आणि मध्यें भरतीचें संथ, गढूळ पाणी. मुलांच्या सुटींत आम्ही घरचीं दहा-बारा माणसें देवदर्शनासाठीं कोंकणांत उतरलों होतों. गुहागरच्या व्याडेश्वराचें दर्शन आटोपून दाभोळच्या चंडिकादेवीस निघालों असतां वाटेंत ही खाडी ओलांडावी लागली.

“आजी, तो किल्ला कोणाचा गं?” आमच्यांतल्या सर्वांत धाकट्यानें विचारलें.

“आपलाच कीं रे,” आजी म्हणाल्या.

“मग आपल्याकडून घेतला कोणीं?”

कठड्याला टेकून उभा असलेला एक वृद्ध खलाशी हंसला व म्हणाला, “कोणाकोणाचीं नांवें सांगूं, बाळा? हाबशाचा होता तो आंगऱ्यांनीं घेतला, आंगऱ्यांचा होता तो पेशव्यांनीं घेतला, पेशव्यांचा होता तो इंग्रजांनीं घेतला.”

त्या म्हाताऱ्यानें चार वाक्यांत सांगितलेला इतिहास आम्हांस घरीं परत येईपर्यंत पुरला. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं कुलदैवतें याच किनाऱ्यावर आहेत. दर दोन-चार वर्षांनीं आपण येथें येतों, अभिषेक करतों, नारळ फोडतों आणि परततों. परंतु आपल्या घरांतून जो इतिहास सांगितला जातो तो बहुधा घोड्यावर बसलेला असतो. तो अटकेस जातो, पानिपतावर पडतो, पुन्हां उठतो. पण समुद्राकडे तो पाठच करून असतो. आणि दक्षिणेकडे, म्हणजे कर्नाटक, जिंजी, तंजावर या बाजूस, मराठ्यांनीं काय मिळविलें व तेथेंच इंग्रज कसा मोठा झाला, याची ओळख तर आपल्या मुलांना जवळ जवळ नाहींच. दाभोळच्या खाडींत उभें राहिलें म्हणजे हे दोन्ही धागे एकत्र येऊन मिळालेले दिसतात.

घोड्यांचें बंदर

दाभोळला पूर्वीं जें मोठेपण होतें तें त्याच्या जागेमुळें. खाडीनें गलबतें थेट चिपळुणाकडे जात. तेथून बैलांच्या पाठीवर माल कुंभार्ली घाटानें कऱ्हाडास व पुढें विजापुराकडे पोंचे. बहामनी आणि त्यांच्या मागून आदिलशाही, या दोन्ही राज्यांस समुद्राचें दार म्हणून दाभोळ हवें होतें. या दारांतून जे जिन्नस आंत येत त्यांत सर्वांत मोलाचा जिन्नस घोडा होय. अरबस्तान व इराण येथील जातिवंत घोडे जहाजांतून या किनाऱ्यावर उतरत आणि दख्खनच्या फौजा त्यांच्यावर चढत. पंधराव्या शतकांत अफानासी निकितीन नांवाचा एक रशियन व्यापारी असाच एक घोडा विकण्यासाठीं घेऊन चौलास उतरला. जुन्नरच्या खानानें त्याचा घोडा हिरावून घेतला व धर्म बदलशील तर परत देईन अशी अट घातली. मोठ्या प्रयासानें त्यास तो परत मिळाला. हा निकितीन बहामनी मुलुखांत सुमारें तीन वर्षें हिंडला आणि अखेर दाभोळासच जहाजांत बसून मायदेशीं निघाला. परंतु आपल्या गांवीं पोंचण्यापूर्वींच तो वारला.

हें सांगण्याचें कारण असें कीं, घोडा व जहाज या दोन निरनिराळ्या गोष्टी नव्हत. ज्याच्या हातीं समुद्र असेल तो दुसऱ्याच्या घोडदळाचा घांस अडवूं शके. ही गोष्ट पोर्तुगीजांनीं प्रथम ओळखली. इ. स. १५०८ च्या मार्चांत चौलच्या खाडींत मिसर व गुजराथ यांच्या आरमारांनीं पोर्तुगीजांचा पराभव केला व त्यांत विजरई आल्मेदा याचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. सूड घेण्यासाठीं बाप दीवकडे निघाला, तो वाटेंत डिसेंबरच्या अखेरीस दाभोळवर उतरला. त्यानें शहर जाळलें आणि लहान-थोर, स्त्री-पुरुष असा भेद न करतां माणसें कापून काढलीं. पुढें इ. स. १५०९ च्या फेब्रुवारींत दीवची लढाई त्यानें जिंकली आणि पश्चिम समुद्र पोर्तुगीजांच्या परवान्याखालीं गेला. आदिलशाहीजवळ हजारों स्वार होते. परंतु दाभोळ जळत असतांना त्या स्वारांचा कांहींच उपयोग झाला नाहीं. पाण्यावरून येणाऱ्या शत्रूला पाण्यावरच गांठावें लागतें, हा या खाडीनें शिकविलेला पहिला धडा होय.

हा धडा दीडशें वर्षांनीं ज्यानें मनावर घेतला तो पुरुष म्हणजे शिवाजी महाराज. अफझलखानाच्या वधानंतर लगेच, इ. स. १६६० च्या आरंभीं, मराठ्यांच्या फौजा दाभोळवर आल्या. पुढल्या वर्षीं महाराज स्वतः कोंकणांत उतरले व दाभोळ, संगमेश्वर, राजापूर हा मुलूख त्यांनीं हाताखालीं घातला. पन्हाळ्याच्या वेढ्यांत सिद्दी जौहरास तोफा देऊन मदत करणारे राजापूरचे इंग्रज वखारवाले त्याच वेळीं कैदेंत पडले. इ. स. १६६४ मध्यें सिंधुदुर्गाची उभारणी सुरू झाली. घोड्यावर राज्य कमावणाऱ्या या राजानें जहाजेंही बांधलीं. आणि पाठ अशी राखून झाल्यावर इ. स. १६७७ त तो जिंजी-वेल्लोरकडे, म्हणजे थेट दक्षिणेस गेला, हा क्रम लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

गोपाळगड

संभाजी महाराजांच्या वधानंतरच्या धामधुमींत अंजनवेल जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेला आणि दाभोळच्या खाडीचें तोंड त्याच्या मुठींत आलें. चिपळूण-परशुराम या टापूस सिद्दीचा केवढा उपद्रव झाला, आणि कोंकणांतील किती कुटुंबें घाट चढून देशावर गेलीं, हें सांगावयास नको. पेशव्यांचें श्रीवर्धनचें घराणेंही त्यांपैकींच एक. इ. स. १७४५ मध्यें कान्होजी आंगऱ्यांचा पुत्र तुळाजी यानें अंजनवेल व गोवळकोट हीं दोन्ही ठाणीं सिद्दीकडून जिंकलीं. अंजनवेलीचा गोपाळगड झाला, गोवळकोटाचा गोविंदगड झाला. खाडी मोकळी झाली.

तुळाजीच्या बापाची थोरवी वेगळी सांगण्याची गरज नाहीं. इ. स. १७१३ मध्यें बाळाजी विश्वनाथानें कान्होजीस शाहू महाराजांच्या पक्षांत आणलें व तेव्हांपासून त्याच्या दस्तकाशिवाय या किनाऱ्यावरून व्यापारी गलबत सुखरूप जाणें कठीण झालें. इ. स. १७१८ मध्यें इंग्रजांनीं खांदेरीवर, इ. स. १७२१ मध्यें इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून कुलाब्यावर, आणि इ. स. १७२४ मध्यें डचांनीं विजयदुर्गावर हल्ला केला. तिन्ही वेळां त्यांस हात हलवीत परत जावें लागलें. इ. स. १७२९ त कान्होजी वारला. त्याच्या मुलांमध्यें लवकरच वाटणीचा तंटा लागला. इ. स. १७३५ मध्यें बाजीराव पेशव्यांनीं मध्यस्थी करून दौलतीचे दोन भाग केले : मानाजी कुलाब्यास आणि संभाजी विजयदुर्गास. भांडण त्या दिवसापुरतें मिटलें. परंतु एका मुठींतलें आरमार दोन मुठींत गेलें. संभाजीमागून विजयदुर्गाची गादी तुळाजीकडे आली.

एकच माणूस, तीन प्रसंग

आतां वाचकांनीं आमच्याबरोबर क्षणभर पूर्व किनाऱ्यावर यावें. तंजावरास शहाजी महाराजांच्या वंशाचें राज्य होतें. इ. स. १७४९ मध्यें तेथील गादीवर हक्क सांगणाऱ्या एका पदच्युत भोसल्याचा कैवार घेऊन मद्रासच्या इंग्रजांनीं प्रतापसिंह महाराजांच्या मुलुखावर स्वारी केली व कोल्लिडम नदीच्या मुखावरील देवीकोट घेतलें. त्या हल्ल्यांत एका तरुण लेफ्टनंटाच्या तुकडीवर तंजावरचे मराठे स्वार असे तुटून पडले कीं मोजकींच माणसें जिवंत परतलीं. त्या वांचलेल्यांत तो लेफ्टनंट होता. त्याचें नांव रॉबर्ट क्लाइव्ह. पुढें इंग्रजांनीं देवीकोट आपल्याजवळ ठेवून प्रतापसिंहांशींच तह केला. ज्याच्यासाठीं म्हणून लढाई केली त्या दावेदारास गादी अर्थातच मिळाली नाहीं.

दोन वर्षांनीं, इ. स. १७५१ मध्यें, तोच क्लाइव्ह अर्काटच्या पडक्या किल्ल्यांत मूठभर लोकांनिशीं कोंडला गेला. पन्नास दिवस वेढा चालला. या वेळीं गुत्तीचे मुरारराव घोरपडे आपल्या घोडदळानिशीं त्याच्या मदतीस येत असल्याची वार्ता पसरली, शत्रूनें घाईनें अखेरचा हल्ला केला, तो फसला आणि वेढा उठला. पुढें आरणीच्या लढाईंत मराठ्यांचे स्वार क्लाइव्हच्या बाजूस प्रत्यक्ष लढले. पहिल्या प्रसंगीं मराठा त्याचा शत्रू, दुसऱ्या प्रसंगीं त्याचा मित्र. तिसरा प्रसंग कोंकणांत घडावयाचा होता.

इ. स. १७५५ च्या अखेरीस क्लाइव्ह विलायतेहून मुंबईस उतरला. पेशव्यांशीं सख्य करून निजामाच्या दरबारांतील फ्रेंच सरदार बुसी याचें उच्चाटन करावें अशी मूळ मसलत होती. परंतु कर्नाटकांत इंग्रज व फ्रेंच यांचा तात्पुरता तह झाला असल्यामुळें ती बाजूस पडली. अॅडमिरल वॉटसन याचें आरमार व क्लाइव्हची फौज अशी दोन्ही मुंबईस मोकळीं राहिलीं. दक्षिणेच्या युद्धासाठीं जमविलेलें हें बळ कोंकणाच्या कपाळीं आलें तें असें.

अग्नि

तुळाजीचें व पुण्याचें पूर्वींच बिनसलें होतें. शाहू महाराज इ. स. १७४९ त कैलासवासी झाल्यावर तो नानासाहेब पेशव्यांस जुमानीना. सावंतवाडीकर व पंत अमात्य यांचा मुलूख तो लुटी, मराठी रयतेचीं गलबतेंही त्याच्या तडाख्यांतून सुटत ना. पेशव्यांचे कोंकणचे सुभेदार रामाजी महादेव यांनीं मुंबईकरांशीं बोलणें लाविलें आणि इ. स. १७५५ च्या मार्चांत करार ठरला : समुद्रावरून इंग्रजांनीं मारा करावा, जमिनीवरून मराठ्यांनीं. एप्रिलच्या आरंभीं कमोडोर जेम्स यानें हर्णैचा सुवर्णदुर्ग दोन-तीन दिवसांच्या तोफमाऱ्यानें निकामी केला. पाठोपाठ बाणकोट इंग्रजांकडे गेलें. गोपाळगड याच मोहिमेंत पेशव्यांकडे आला.

इ. स. १७५६ च्या फेब्रुवारींत वॉटसनचीं जहाजें विजयदुर्गापुढें उभीं राहिलीं. तुळाजी त्या वेळीं मराठ्यांच्या छावणींत तहाचें बोलणें करीत होता. ता. १२ रोजीं तोफा सुरू झाल्या. पूर्वीं इंग्रजांकडून पाडाव केलेल्या एका जहाजावर गोळा पडून त्यानें पेट घेतला आणि एकमेकांस बांधून ठेवलेलें आंगऱ्यांचें आरमार एकापाठोपाठ एक जळून गेलें. किल्ल्यांत मराठ्यांचा शिरकाव होऊं नये म्हणून क्लाइव्ह आपली फौज घेऊन मध्यें जमिनीवर उतरला होता. ता. १३ रोजीं किल्ला पडला. आंत सांपडलेला सुमारें दहा लाखांचा ऐवज इंग्रजांनीं आपसांत वांटून घेतला. त्यांत पेशव्यांस वांटा द्यावयाचा नाहीं हें मुंबईहून निघण्यापूर्वींच त्यांनीं ठरविलें होतें. विजयदुर्ग पेशव्यांच्या पदरीं पडण्यास ऑक्टोबरचा तह व्हावा लागला. त्यांत बाणकोट आणि कांहीं गांवें इंग्रजांस कायमचीं देण्यांत आलीं.

मग त्या वेळीं श्रीमंत स्वतः कोठें होते? ते दक्षिणेंत होते. सावनूरच्या नबाबानें पेशव्यांचा फितूर झालेला गारदी सरदार मुजफ्फरखान यास आश्रय दिला होता आणि तेच मुरारराव घोरपडे नबाबाच्या बाजूस उभे होते. सावनूरला वेढा पडला. मराठ्यांचे स्वार चहूंकडे होते. पण तट कांहीं स्वारांनीं पडत नाहीं. अखेर निजामाबरोबर आलेल्या बुसीच्या तोफखान्यानें काम केलें व मे महिन्यांत सावनूर शरण आलें.

या दोन घटना बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत सांगितल्या जातात. त्या शेजारीं ठेवून पाहाव्या. एकाच वर्षीं, तीन-चार महिन्यांच्या अंतरानें, मराठ्यांनीं किनाऱ्यावर इंग्रजांच्या तोफांनीं विजय मिळविला आणि सावनूरला फ्रेंचांच्या तोफांनीं. दोन्ही ठिकाणीं शत्रू मराठ्यांच्याच घरांतून किंवा चाकरींतून फुटलेला होता, आणि दोन्ही ठिकाणीं निर्णायक हत्यार उसनें होतें. ज्या आरमारानें विजयदुर्ग जाळला तेंच त्याच वर्षीं क्लाइव्हला घेऊन मद्रासेहून बंगालकडे निघालें. ता. २ जानेवारी १७५७ रोजीं कलकत्ता परत घेतली गेली. आणि विजयदुर्ग पडल्यापासून अवघ्या सोळा महिन्यांनीं प्लासीची लढाई झाली.

दोष कोणाचा?

त्या सायंकाळीं मुक्कामावर यावरून आमच्या मंडळींत चांगलाच वाद झाला. एका पक्षाचें म्हणणें, पेशव्यांनीं आपल्या हातांनीं आपलें आरमार जाळलें, याहून मोठी चूक मराठ्यांच्या इतिहासांत नाहीं. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें, हुकूम न मानणारा व आपल्याच रयतेस लुटणारा सरदार कोणत्या राज्यकर्त्यानें सहन केला असता? आम्हांस वाटतें, दोन्ही पक्षांजवळ सत्याचा अंश आहे.

पेशव्यांच्या बाजूनें हें सांगितलें पाहिजे कीं, करार करतांना त्यांचा हेतु आरमार नष्ट करण्याचा नव्हता. किल्ले आपल्या ताब्यांत यावे असाच होता. जाळपोळ झाल्यावर त्यांनीं समुद्र सोडूनही दिला नाहीं. विजयदुर्गास धुळपांच्या हाताखालीं नवें आरमार उभें राहिलें आणि इ. स. १७८३ च्या एप्रिलांत आनंदराव धुळपांनीं इंग्रजांचें ‘रेंजर’ जहाज लढून घेतलें. सावनूरचा धडाही वायां गेला नाहीं. थोड्याच काळांत बुसीच्या तालमींत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पेशव्यांच्या पदरीं आला.

परंतु दुसरी बाजूही झांकतां येत नाहीं. तुळाजीस शासन करणें हा राज्याचा अधिकार होता. तें शासन परक्याच्या हातून करविणें ही मात्र चूक होती. ज्यास आपण मदतीस बोलावतों तो आपलें काम करून थांबत नसतो. येतां-जातां तो घराचीं दारें-खिडक्या मोजून जातो. देवीकोटास हेंच झालें, विजयदुर्गासही हेंच झालें. तंजावरचे भोसले, गुत्तीचे घोरपडे, विजयदुर्गचे आंगरे आणि पुण्याचे पेशवे, हे सारे एका महाराष्ट्राचे. परंतु प्रत्येकानें इंग्रजांशीं आपापला वेगळा हिशेब केला, आणि त्या सर्वांचे हिशेब इंग्रजांच्या एकाच वहींत लिहिले गेले. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस याचा अर्थ अधिक फोडून सांगावयास नको. भावाभावांच्या तंट्यांत बाहेरचा पंच आणला म्हणजे भाऊ हरो वा जिंको, घराची किल्ली एकदां तरी त्या पंचाच्या हातीं जातेच.

इ. स. १८१८ मध्यें कर्नल केनेडीच्या फौजेनें गोपाळगड घेतला तेव्हां खाडीच्या मुखावर प्रतिकार असा उरलाच नव्हता. दाभोळपासून थोड्याच कोसांवर दापोलीस इंग्रजांची छावणी बसली. गांवाचें ‘कॅम्प दापोली’ हें नांव तेव्हांपासूनचें. ज्या रत्नागिरी जिल्ह्यानें आंगऱ्यांस खलाशी पुरविले त्यानेंच पुढें मुंबईच्या पलटणींस शिपाई पुरविले. घरोघरचे मराठे व महार तरुण परक्याचा लाल कोट चढवून परमुलुखांत लढले आणि पेन्शन घेऊन गांवीं परतले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हे निवृत्तीनंतर याच दापोलींत कांहीं काळ राहिले होते. शौर्य कोठेंच कमी नव्हतें. तें कोणाच्या कामीं आलें एवढाच प्रश्न.

आणखी एक गोष्ट सांगून आटोपतों. सुवर्णदुर्ग घेणाऱ्या जेम्सच्या पश्चात् त्याच्या विधवेनें लंडनजवळच्या एका टेकडीवर इ. स. १७८४ मध्यें त्याच्या स्मरणार्थ एक बुरूज बांधला. सुवर्णदुर्गाचें नांव इंग्रजी जिभेवर जसें वळलें तसें त्या बुरुजास दिलेलें आहे आणि तो अद्याप उभा आहे. आमच्या हर्णैचें नांव लंडनच्या टेकडीवर, आणि हर्णैला जाऊन मासळीचा लिलाव पाहून परतणाऱ्या आमच्या मुलांस समोरच्या जलदुर्गावर काय घडलें हें ठाऊक नाहीं!

चंडिकादेवीच्या गुहेंत समईच्या उजेडांत वांकून दर्शन घेतलें व परतीच्या बोटीस लागलों तेव्हां ओहोटी लागली होती. धाकटा नातू गोपाळगडाकडे टक लावून पाहत होता.

“आजी, आपणच बोलावलें होतें ना त्यांना?” त्यानें विचारलें.

आजी थोडा वेळ बोलल्या नाहींत. मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, “हो रे. आपणच बोलावलें. तूं मोठा झालास म्हणजे तुझ्या मुलांना हेंसुद्धां सांग. नुसतें अटकेचें सांगूं नकोस.”

आम्हांस वाटतें, घरांतील वडील माणसांनीं इतिहास सांगावा तो असाच.